तिन्हीसांजेचा नमस्कार

आमच्या घरातले सगळ्यांत आनंदाचे दिवस कुठले, असं कोणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागतं. लग्नाचे सांगते, नाहीतर लेक झाली तेव्हाचे सांगते. खरे आनंदाचे दिवस म्हणजे लेकीच्या आजारपणाची सुरुवात. तो आजार आहे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, इतकंच. अजूनही कार्तिक लागला, संध्याकाळी हवेत जरा गारवा आला की मला त्या दिवसांची आठवण येते, आणि आठवण गोड असते. याचा मला रागही येतो. पण आठवणींना कोण शिस्त लावणार? मी शाळेत गणित शिकवते, तिथे मुलांना लावता येत नाही.

लेक तेव्हा सहा महिन्यांची होत आली होती. दुपारी दूध पाजून पाळण्यात घातलं की उन्हं उतरेपर्यंत झोपायची. आमचं घर देवळाच्या तळीपलीकडे आहे. तिन्हीसांजेला देवळात नगारा वाजायला लागला की तिला जाग यायची. मग सासूबाई तिला उचलून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, न्यायच्या, तुळशीसमोर मांडीवर बसवायच्या, आणि ते सुरू व्हायचं. लेक एकाएकी कमरेत वाकायची, मान खाली जायची, दोन्ही हात पुढे यायचे. क्षणभर तशीच राहायची आणि सैल पडायची. थोडा वेळ गेला की पुन्हा तसंच. मग पुन्हा. नगारा थांबेपर्यंत तिचे नमस्कार चालायचे, आणि शेवटी ती थोडी रडायची.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा सासूबाई ओरडल्याच. "अगो बघ गो! देवाक पाया पडता चेडू!"

यात त्यांना नवल वाटण्यापेक्षा अभिमानच जास्त होता. आमच्या घराला देवळात मान आहे. दसऱ्याला देवाचे तरंग निघतात, म्हणजे लुगडी नेसवलेल्या उंच काठ्या, त्यांना आमच्याकडे देवच मानतात. त्यातला एक आमच्या घरातल्या पुरुषाच्या खांद्यावर असतो. आधी सासरे घेत, ते गेल्यावर माझा नवरा घेतो. तहसील कचेरीत दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारणारा हा माणूस तरंग खांद्यावर आला की वेगळाच दिसतो, हे मीही कबूल करते. तर अशा घरातलं मूल नगारा वाजल्यावर वाकलं, तर त्यात विचारायचं काय? "रक्तात आसा ता," सासूबाई म्हणाल्या. ती शेवटी का रडते यालाही उत्तर होतं. नमस्कार झाल्यावर माणूस देवाकडे काहीतरी मागतो, आणि बोलता येत नसलं तर रडूनच मागणार ना!

मी आंबोलीची. सासरच्यांच्या भाषेत घाटावरची, म्हणजे जरा संशयित. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलायच्या त्या बहुधा भिंतीकडे बघून. "काय लोकांक आमटीत कोकम घालूक आठवना नाय," असं. मी पण काही कमी नव्हते, उत्तर भिंतीलाच द्यायचे. पण लेकीचे नमस्कार सुरू झाले आणि आमच्यातली भिंत पडली. नगाऱ्याच्या आधी त्या मला हाक मारायच्या, "ये गो, बस हंयसर," आणि खळ्याच्या पायरीवर जरा सरकून जागा द्यायच्या. चहा आणि त्याच्याबरोबर गुळाचं खाजं असायचं. नवरा लवकरची बस पकडून घरी यायला लागला. तळीवरून वारा यायचा, तुळशीपुढे उदबत्ती जळत असायची, आणि आम्ही तिघं त्या एवढ्याशा जिवाकडे बघत बसायचो. मी गणिताची शिक्षिका, नवससायासावर एरवी तोंड वाकडं करणारी, पण मीही हुरळले होते. माझ्या लेकीला देवाने हाक मारावी आणि तिने ओ द्यावी, हे कुठल्या आईला आवडणार नाही?

मग लोक यायला लागले. शेजारीण आली, शेजारणीची जाऊ आली, देवळातले गुरव आले. येताना कोणी नारळ आणला, कोणी केळ्याची फणी. नगारा सुरू व्हायची वाट बघत सगळे खळ्यात बसायचे आणि ती वाकली की सगळ्यांचे हात आपोआप जोडले जायचे. नवऱ्याने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ केला, त्याला मागे आरती जोडली, आणि तो आमच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर फोन टुणटुण वाजत होता. कोणी फुलं पाठवली, कोणी जोडलेले हात. शिरोड्याच्या आत्येसासूबाईंनी तर पूर्वजन्मीचं कोणीतरी परत आलंय असं जाहीरच करून टाकलं. ते कोण यावर मग ग्रुपवर दोन तट पडले आणि एक काका ग्रुप सोडून गेले.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट अशी हळूहळू झाली की झाली कधी ते सांगता येणार नाही. लेक हसेनाशी झाली. त्याआधी मी जिभेने टाळूवर टकटक केलं की ती बोळकं उघडून हसायची. आता टकटक केलं तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी जायची. नुकतीच पालथी पडायला शिकली होती, तेही विसरली. रडणं कमी झालं, हट्ट नाही, कोणीही उचललं तरी जायची. बायका म्हणायच्या, "काय गुणी चेडू गो तुझा! कोणाकडेव जाता." मला एकदा न्हाऊ घालताना वाटलं की हिला माझा आवाज ऐकू येत नाही की काय. भांडं आपटलं तर दचकली. म्हणजे कान ठीक होते. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तिचा लक्ष देवाकडे आसा." त्या दिवसांत प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर होतं, आणि ते उत्तर सुंदर होतं.

लस द्यायला आम्ही तिला कुडाळला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. लस झाली, आणि नवऱ्याने स्वतःहून, कौतुकाने, फोन काढला. "डॉक्टर, आमच्या मुलीची एक गंमत दाखवतो." डॉक्टर कामात होते, तरी बघायला लागले. बघता बघता खुर्चीत सरळ बसले.

"गाणं बंद करता का?" ते म्हणाले.

आरती बंद झाल्यावर त्यांनी व्हिडिओ पुन्हा बघितला, मग आणखी एकदा. आरतीशिवाय मीही तो पहिल्यांदाच बघत होते. त्यात एक बाळ धक्का बसल्यासारखं दुमडत होतं, सैल पडत होतं, पुन्हा दुमडत होतं. एवढंच होतं त्यात.

"हे झोपेतून उठल्यावर होतं?"

"हो. नगारा वाजला की."

"नगारा नसेल तेव्हा?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. सकाळी उठल्यावरही कधीकधी एकदोनदा वाकायची. त्याला आम्ही काकडआरती म्हणायचो.

"हसते का हल्ली?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी लेकीसमोर जिभेने टकटक केलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. त्यांनी ते उत्तर म्हणूनच घेतलं असावं, कारण त्यांनी लगेच फोन उचलला आणि गोव्याच्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांशी बोलायला लागले. फोन ठेवून म्हणाले, "हे झटके आहेत. फिट म्हटलं की आपल्याला तोंडाला फेस वगैरे आठवतं, पण तान्ह्या मुलांत त्या अशाही येतात. घरी जाऊ नका. इथूनच गोव्याला निघा."

गाडी ठरवली आणि निघालो. लेक माझ्या मांडीवर झोपली होती. इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती, गाडी थांबली, आणि थांबल्यामुळे तिला जाग आली. एक पोलीस खिडकीशी आला आणि आत वाकून बघू लागला. नेमकी तेव्हाच ती वाकली. हात पुढे, मान खाली. पोलिसाचा चेहरा खुलला. "अरे वा! नमस्कार, नमस्कार!" असं म्हणून त्याने आपले दोन्ही हात जोडले. ती पुन्हा वाकली. त्याने पुन्हा जोडले. तो किती चांगला माणूस होता! आणि मला वाटत होतं की त्याच्या हातांवर फटका मारावा आणि ओरडावं, नको जोडूस हात, तो नमस्कार नाही. नवऱ्याने काच वर केली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

गोव्यातल्या डॉक्टर निवृत्तीला आलेल्या बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, कोकणीत बोलणाऱ्या. त्यामुळे अर्धी भीती कमी झाली. आपल्या माणसाच्या भाषेत वाईट बातमी ऐकली तर ती निदान कळते तरी. लेकीच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. तो त्यांनी मला स्क्रीनवर दाखवला. निरोगी बाळाच्या आलेखात एक लय असते म्हणे. इथे नुसती गिचमीड होती. शिक्षक नसलेल्या वर्गातल्या गोंगाटासारखं काहीतरी तिच्या डोक्यात सतत चाललं होतं.

"झटको ल्हान दिसता," बाई म्हणाल्या, "पूण भितर हो गोंधळ चालू आसा मेरेन ती कांयच शिकूंक शकना." झटका थोडक्यात संपतो, पण आतला गोंगाट संपत नाही, आणि त्या गोंगाटात मूल शिकलेलंही विसरत जातं. आधी हसणं जातं, मग पालथं पडणं, मग माणसांची ओळख. म्हणून हा गोंगाट लवकरात लवकर थांबवायचा. औषध होतं प्रेडनिसोलोन, एक स्टेरॉइड. मोठ्या माणसांना दम्याला वगैरे देतात तेच, पण तिच्या इवल्याशा अंगाला बराच मोठा डोस. बाईंनी पुढचं सगळं आधीच सांगून ठेवलं. "रडटली, खातली, फुगतली. पूण वखद मदींच बंद करपाचें ना." कितीही घाबरलात तरी आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, ते जीवावर बेतू शकतं. हळूहळू कमी कसं करायचं ते आम्ही सांगू. या औषधाने अंगातली लढायची ताकद कमी होते, तेव्हा घरात माणसांची ये-जा नको, सर्दी-खोकला झालेला कोणी जवळ नको, पुढची लस आम्हाला विचारल्याशिवाय नको. आणि झटके कमी झाले म्हणून खूश व्हायचं नाही. एकसुद्धा राहता कामा नये.

मी एकच विचारलं. "ती मला ओळखेल का परत?"

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "तें हांव आतां सांगूं शकना, बाय. पयलीं गोंधळ थांबूं दी."

बाकी सगळं मला तेव्हापासून दुय्यम झालं. चालेल कधी, बोलेल कधी, शाळेत जाईल का, हे विचार रांगेत मागे उभे होते. मला फक्त तिने माझ्याकडे बघायला हवं होतं. दुसऱ्या कोणाकडे नव्हे, माझ्याकडे.

घरी आल्यावर सासूबाईंना काय सांगायचं याचीच धास्ती होती. नवऱ्याने सांगितलं. त्या उठल्या, लेकीसाठी बाळगुटी उगाळायची सहाण उचलून माळ्यावर टाकली आणि म्हणाल्या, "वखद कसा देवचा ता सांग."

औषध कडू होतं. चमच्याने दिलं तर लेक सगळं थुंकायची. मध चालणार नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी सासूबाईंनी चांदीचं बोंडलं काढलं, ज्याने माझ्या नवऱ्याला लहानपणी दूध पाजलं होतं ते. गोळी विरघळवून माझ्या दुधात कालवायची, बोंडल्याची चोच गालाच्या आत टेकवायची आणि थेंबाथेंबाने सोडायचं. नवरा गोळी विरघळवायचा, मी लेकीला धरायचे आणि त्या पाजायच्या. त्या वेळी घरात कोणी शिंकलं तर सासूबाई त्याच्याकडे अशा बघायच्या की दुसरी शिंक येण्याची हिंमत करत नसे.

मग बाईंनी सांगितलं होतं तसंच सगळं झालं. लेक फुगली. गाल असे आले की डोळे आत गेले. भूक म्हणजे काय भूक! दूध पिऊन झालं की लगेच रडणं, आणि रडणं म्हणजे छप्पर उडेल असं. दिवसभर कडेवर. जत्रांचे दिवस होते. एरवी त्या दिवसांत आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि या वर्षी तर लोकांना देवाला नमस्कार करणारं मूल बघायचं होतं. सासूबाई खळ्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. ज्यांना त्यांनी स्वतः बोलावून बोलावून आणलं होतं, त्यांनाच त्या परत पाठवायला लागल्या. कोणाला म्हणाल्या झोपलीय, कोणाला म्हणाल्या सून तापाने फणफणलीय. मी आत धडधाकट उभी राहून हे ऐकत होते. एक बाई ऐकेचना, नारळ हातात घेऊन उभीच. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझो घोव सोरो पिता तेव्हा आमी बघूक येतो काय?" नवऱ्याची दारू अशी चारचौघांत काढली म्हणून ती बाई अजून आमच्याशी बोलत नाही.

गावात मग कुजबुज सुरू झाली. "चेडवातलो देव डाक्टरान काढल्यान." कोणी तिला खिडकीतून ओझरतं बघितलं तर म्हणायचं, "पण काय गुटगुटीत झाला गो!" सासूबाई ते ऐकून लगेच आत यायच्या आणि मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढायच्या. मी म्हटलं, "आई, ती औषधाची सूज आहे. सुजेची काय दृष्ट काढता?" तर म्हणाल्या, "लोकांका खंय म्हायत आसा ती सूज ती?"

झटके कमी झाले. संध्याकाळी नगारा थांबेपर्यंत चालणारे नमस्कार दोन-चारांवर आले. आम्ही आनंदाने गोव्याला गेलो. बाईंनी आलेख बघितला आणि मान हलवली. गोंगाट कमी झाला होता, थांबला नव्हता. त्या म्हणाल्या, आता दुसरं औषध जोडायचं, व्हिगाबॅट्रिन. हे औषध फार दिवस चालू ठेवलं तर काही मुलांच्या नजरेवर परिणाम होऊ शकतो, कडेकडेचं दिसणं कमी होऊ शकतं. म्हणून ते थोडे महिनेच द्यायचं आणि डोळे तपासत राहायचं. नवऱ्याने विचारलं, "डोळेच गेले तर?"

माझा तोल गेला. "काय करायचेत ते डोळे?" मी त्याच्यावर खेकसले. "ते माझ्याकडे बघतात का?" बाहेर बाकावर बसलेल्या आया आत बघायला लागल्या. बाईंनी आम्हा दोघांनाही पाणी दिलं आणि पुन्हा शांतपणे समजावलं. धोका आहे, पण थोड्या महिन्यांत तो कमी आहे; आणि हा गोंगाट असाच राहिला तर होणारं नुकसान त्याहून मोठं आहे. आम्ही हो म्हटलं. परत येताना नवऱ्याने माझा हात सोडला नाही.

ती गोष्ट आम्ही सासूबाईंना सांगितली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या खळ्यात तुळशीसमोर उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घेऊन हात जोडले आणि मला म्हणाल्या, "तू व्हय म्हाराजा म्हण." आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. देवळात एक माणूस मोठ्याने देवाला सगळं सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला होकार देतात. ते काम पुरुषांचं. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, अगदी खणखणीत, "ह्या घराण्यान तुझी सेवा केली, तुझो तरंग खांद्यार घेतलो."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"माझ्या नातीन तुका नमस्कार केलो. एकदा न्हय, शंभरदा केलो. आमका वाटला ती तुका करता. तुका तरी कळाक होया होता."

"व्हय म्हाराजा."

"आता पुरे झालो म्हाराजा. तिचो नमस्कार तू परत घे. पुढे तिना तुझ्याकडे पाठ करून बसाक होया तर बसांदे, आमी तिका एक शब्द बोलाचव नाय. पण तिका आवशीचा तोंड वळखांदे."

आवशीचं तोंड म्हणजे आईचं, माझं. मला व्हय म्हाराजा म्हणता येईना. त्या थांबून राहिल्या. मी म्हणेपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

दुसरं औषध सुरू झालं. आणि मग एका संध्याकाळी नगारा वाजला, लेकीला जाग आली, सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, आणि काही झालं नाही. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. तिने जांभई दिली. मूठ तोंडात घातली. नगारा वाजून थांबला, तळीपलीकडची माणसं घरी गेली, आमच्या खळ्यात कोणी वाकलं नाही, आणि सासूबाई पदरात तोंड घालून हमसून हमसून रडल्या. दुसऱ्या दिवशीही काही नाही, त्यानंतरही नाही. गोव्यात आलेख काढला तर त्यात रेघा होत्या, लयीत चालणाऱ्या, शहाण्या. बाई पहिल्यांदा हसल्या. स्टेरॉइड थोडं थोडं कमी करायला सांगितलं. मी विचारणार होते, पण त्यांनीच आधी बोट वर केलं. "आतां तिका वेळ दी."

तो वेळ फार कठीण गेला. झटके होते तेव्हा निदान भांडायला काहीतरी होतं. आता लेक शांत, आलेख शांत, घर शांत. काजूला मोहोर आला, मग झाडांना लालपिवळे बोंडू लागले, लेकीची सूज उतरून तिचा आधीचा चेहरा वर आला. आणि ती अजून माझ्या खांद्यावरूनच बघत होती. मी तिच्यासमोर बसून टकटक करायचे, माकडासारखी तोंडं करायचे, गाणी म्हणायचे. नवऱ्याला वाटायचं मी खचेन, म्हणून तोही शेजारी बसून तोंडं करायचा. आमच्या दोघांची ती ध्यानं बघून सासूबाई म्हणायच्या, "तिनाच आता तुमका वखद देवक होया." पालथी पडायला लागली पुन्हा. हातात खुळखुळा धरायला लागली. पण कोणीही उचललं तरी जायची, तशीच, पिठाची पिशवी इकडून तिकडे द्यावी तशी.

माझी रजा संपत आली होती. बिनपगारी वाढवून झाली होती, आता हजर व्हायलाच हवं होतं. पहिल्या दिवशी साडी नेसले, डबा पिशवीत घातला, लेकीला पाजलं. बसची वेळ झाली तशी तिला सासूबाईंकडे दिलं. त्यांनी तिला खांद्याशी घेतलं. मी चप्पल घालायला वाकले.

मागून आवाज आला. रडण्याचा नव्हे, रडण्याच्या आधीचा, ओठ बाहेर काढून केलेला. मी वळून बघितलं. लेक सासूबाईंच्या खांद्यावर ताठ झाली होती. ती सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती, नीट, जणू हे कोण असं. मग तिने मान फिरवून नजर रोखली. भिंतीवर नाही, दारावर नाही. माझ्यावर. आणि दोन्ही हात माझ्याकडे टाकून तिने भोकाड पसरलं.

औषधाच्या दिवसांत ती रडायची ते वेगळं होतं. त्यात भूक होती, त्रास होता, पण त्या रडण्याला पत्ता नव्हता.

मी धावले. माझ्याकडे येताच ती गप्प झाली आणि माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राला धरून बसली. सासूबाई रिकामे हात पुढे करून तशाच उभ्या होत्या. पहाटेपासून जिला त्यांनी सांभाळलं, जिच्यासाठी गावाशी वाकडं घेतलं, देवाशी भांडल्या, त्या नातीला त्या नको झाल्या होत्या. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते.

"माका दी बघू परत," त्या म्हणाल्या.

मी दिलं. लेक पुन्हा ताठ झाली, पुन्हा माझ्याकडे वळली, पुन्हा तेच भोकाड. मी घेतलं, गप्प. त्यांनी घेतलं, भोकाड. सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या हसत होत्या. मग त्या खळ्यात गेल्या आणि दगडी गडग्यापलीकडच्या शेजारणीला ओरडून सांगायला लागल्या, "अगो, आयकलंस? माझ्या नातीक मी नको! माका बघून रडता ती! आवस होया तिका, आवस!"

शेजारणीला वाटलं काहीतरी वाईट झालं. ती हातातलं काम टाकून गडग्याशी आली. सासूबाई सांगतच होत्या. लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. बस गेली. मी शाळेत फोन करून सांगितलं, आज येत नाही, मुलगी सोडत नाही.